रीच वाढला, मग बसल्यावर अडचण का होते?

पत्र थोडक्यात असं: वाचकांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे, उंची १७३ सेंटिमीटर. बरीच वर्षं २६ इंची चाकांची माउंटन बाइक चालवली, यंदा २९ इंची चाकांची, १४० मिलिमीटर सस्पेन्शनची ट्रेल बाइक घेतली. तक्त्यात त्यांची उंची मिडियम आणि लार्जच्या सीमेवर पडत होती. 'हल्ली सगळे लांबच सायकली घेतात' असं ऐकून त्यांनी लार्ज निवडली. उतारावर सायकल झकास चालते. पण सपाटीवर अर्ध्या तासात तळहातांना मुंग्या येतात आणि बसल्यावर आखडून बसल्यासारखं वाटतं. उभ्या चढावर पुढचं चाक भरकटतं, सपाट वळणावर ते निसटेल अशी धास्ती वाटते. एक मित्र म्हणतो, साइज चुकली, विकून टाक. दुसरा म्हणतो, ८० मिलिमीटरचा स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) लाव, सगळं ठीक होईल. दोन्ही सायकलींच्या जॉमेट्रीचे, म्हणजे फ्रेमच्या मापांचे आणि कोनांचे, आकडे पाठवून ते विचारतात: "ही नवी जॉमेट्री उड्या मारणाऱ्या पोरांसाठीच आहे का? मी जुन्या सायकलीकडे परत जाऊ का?"

नमस्कार,

जुनी सायकल अजून घरात आहे हे फार बरं झालं. निदान महिनाभर तिला हलवू नका, तिच्याकडून आपल्याला मापं घ्यायची आहेत.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाता जाता कंसात टाकली आहे: अडीच तासांच्या फेरीत पाऊण तास सपाट रस्ता, साधारण पस्तीस मिनिटं चढ, वीस-पंचवीस मिनिटं उतार आणि पुन्हा पाऊण तास सपाट. म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ तुम्ही सीटवर बसलेले असता. आणि सायकल निवडली ती 'रीच' या आकड्यावरून, ज्याचा बसण्याशी थेट संबंध नाही.

रीच म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस जिथे फिरतो त्या जागेच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या, फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. ते मोजताना सीट कुठे आहे याचा विचारच होत नाही. तुम्ही पेडलवर उभे राहिलात की फ्रेम किती ऐसपैस वाटेल, एवढंच हा आकडा सांगतो. बसल्यावरची लांबी कळायला आणखी दोन गोष्टी लागतात: हेड ट्यूबचं वरचं टोक बॉटम ब्रॅकेटपासून किती उंच आहे, म्हणजे स्टॅक, आणि सीट ट्यूब (सीटखालची नळी) किती उभी आहे, म्हणजे सीट अँगल.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. जुन्या सायकलीचा रीच ४०५, स्टॅक ५९०, सीट अँगल ७३ अंश, स्टेम १०० मिलिमीटर. नव्या सायकलीचा रीच ४७०, स्टॅक ६२५, सीट अँगल ७७ अंश, स्टेम ४० मिलिमीटर. उभं राहिल्यावर रीच आणि स्टेम मिळून जुन्या सायकलीवर ५०५ होतात आणि नव्यावर ५१०. रीच ६५ मिलिमीटरनं वाढला, पण हात सरकले जेमतेम ५ मिलिमीटर! आता बसल्यावरचं बघा. जुन्या सायकलीत हेड ट्यूबच्या पातळीवर सीट ट्यूबची रेषा बॉटम ब्रॅकेटच्या १८० मिलिमीटर मागे पडते, नव्यात १४४ मिलिमीटर. त्यात रीच आणि स्टेम मिळवला की जुनी सायकल ६८५ आणि नवी ६५४ भरते. बसल्यावर तुमची नवी 'लांब' सायकल जुन्यापेक्षा तीन सेंटिमीटर आखूड आहे. स्टेमचा कोन, स्पेसर (स्टेमच्या खाली-वर बसवायच्या कड्या), हँडलचा बाक हे धरलं तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, चित्र बदलणार नाही. तेव्हा आखडून बसल्यासारखं वाटणं हा तुमच्या मनाचा खेळ नाही.

पण याचा अर्थ साइज चुकली असाही होत नाही, आणि तुमच्या पहिल्या मित्राशी माझे मतभेद इथेच सुरू होतात. मिडियममध्ये सीट अँगल तोच असता आणि रीच आणखी दोन-अडीच सेंटिमीटर कमी. म्हणजे बसल्यावर तुम्हाला याहून आखूड वाटलं असतं. पहिल्या दिवशी माझा सल्ला घेतला असता तर मी मिडियमच सुचवली असती, पण ती वळणांसाठी. मुंग्यांचा प्रश्न तिथेही उरलाच असता.

हातांवर भार येतो तो सीट पुढे सरकल्यामुळे. सीट ट्यूबच्या रेषेत ७०० मिलिमीटर उंचीवर सीट धरली, तर ७३ अंशांवर ती बॉटम ब्रॅकेटच्या साधारण २०५ मिलिमीटर मागे असते आणि ७७ अंशांवर साधारण १५७. जवळजवळ पाच सेंटिमीटरचा फरक पडला. बैठक पायांच्या वर सरकली की धड पुढे झुकतं आणि ते तोलून धरायचं काम तळहातांवर येतं. सपाटीवर पेडलवर फारसा जोर नसतो, त्यामुळे पायही तुम्हाला उचलून धरत नाहीत. अर्ध्या तासात मुंग्या येणारच.

मग बनवणाऱ्यांनी असं का केलं? कारण त्यांनी ती सायकल चढावर बसलेल्या माणसासाठी आखली. १५ टक्क्यांचा चढ म्हणजे साधारण साडेआठ अंश. त्या चढावर तुमची ७७ अंशांची सीट प्रत्यक्षात साडेअडुसष्ट अंशांवर येते, आणि जुन्या सायकलीची ७३ अंशांची सीट साडेचौसष्टवर. जुन्या सायकलीवर उभ्या चढाला तुम्ही पार मागच्या चाकावर लोंबकळत होतात. फक्त पुढचं चाक बॉटम ब्रॅकेटपासून जवळ होतं आणि लांब स्टेममुळे धड पुढे ओढलं जायचं, म्हणून ते चालून गेलं. कॅटलॉगमधले कोन सपाट फरशीवर मोजलेले असतात. तुमच्या फेरीत सपाटी पाऊण-पाऊण तास दोनदा येते आणि उभा चढ थोडा वेळ, म्हणून या सोयीची किंमत तुम्हीच जास्त मोजताय.

(दुकानाबाहेरच्या सपाट जागेत दोन चकरा मारून ट्रेल बाइक घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथे कळतो तो फक्त सपाटीवरचा बसायचा आराम, म्हणजे या सायकलीची सर्वात लंगडी बाजू. चढ आणि वळण असलेली जागा शोधा आणि तिथे चालवून बघा.)

नवी जॉमेट्री निव्वळ जाहिरातबाजी आहे का, असा सूर तुमच्या पत्रात आहे. मला तसं वाटत नाही. माउंटन बाइकचं ७१ अंशांचं हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन) आणि ७३ अंशांची सीट हे गणित क्रॉस-कंट्री शर्यतींच्या काळात रुळलं, आणि त्यात रोड बाइकच्या सवयींचा मोठा वाटा होता. लांब फ्रेम आणि आखूड स्टेम ही कल्पनाही कालपरवाची नाही. 'गॅरी फिशर' या सायकल ब्रँडनं १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'जेनेसिस' नावानं तिची एक सौम्य आवृत्ती बाजारात आणली होती. २०१२-१३ च्या सुमारास मोंड्रेकर या सायकल कंपनीनं 'फॉरवर्ड जॉमेट्री'मध्ये ती टोकाला नेली, स्टेम चक्क १० मिलिमीटरवर आणला. मधल्या काळात ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे चालवताना सीट खाली-वर करता येणारा दांडा, आला आणि सीट ट्यूब आखूड करता आली. त्यामुळे पायांच्या लांबीवरून साइज ठरवायची गरज कमी झाली. उतारावरचा आत्मविश्वास हे या सगळ्याचं खरं फळ, आणि ते तुम्ही चाखलंच आहे.

आता चढावर भरकटणाऱ्या चाकाकडे येऊ. हेड अँगल ७१ वरून ६५ अंशांवर आलं. चाक जमिनीला टेकतं ती जागा स्टिअरिंगच्या अक्षरेषेच्या मागे पडते, हे अंतर जुन्या सायकलीत ढोबळ मानानं ७४ मिलिमीटर होतं, नव्यात १२४ च्या आसपास आहे. सामानाच्या ट्रॉलीचं चाक आपोआप सरळ होतं, त्याच न्यायानं वेगात असताना हे अंतर चाकाला सरळ धरून ठेवतं. पण वेग पडला की दुसरा गुण वर येतो: हँडल जरा वळलं की पुढची बाजू खाली बसते आणि चाक आणखी वळू पाहतं. हा कल तुमच्या नव्या सायकलीत जुन्याच्या जवळपास दुप्पट आहे. चालण्याच्या वेगानं उभा चढ चढताना हँडल डावी-उजवीकडे कोसळल्यासारखं वाटतं, ते यामुळेच.

त्यावर तुमचं जुनं शरीर काय करतं? चाक डावीकडे गेलं की उजवीकडे हिसका देतं, मग उलट. जुन्या सायकलीवर ते खपायचं. इथे हँडल घट्ट आवळू नका, कोपरं खाली सोडा आणि सीटच्या टोकावर सरका, अगदी बेचैन वाटेल इतकं पुढे. हनुवटी स्टेमकडे झुकवा. नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता तीन-चार मीटर पुढे ठेवा. आणि सर्वात हलका गिअर टाकायची घाई करू नका. एक गिअर जड ठेवून वेग थोडा राखलात तर भरकटणं पुष्कळ कमी होईल.

तुमच्या पत्रात सॅगबद्दल, म्हणजे तुमच्या वजनानं सस्पेन्शन किती दबतं त्याबद्दल, एक शब्द नाही, तेव्हा तो कुणी लावून दिला नसावा असा माझा अंदाज आहे. मागचा शॉक मऊ आणि पुढचा फोर्क कडक असेल तर तुम्ही बसताक्षणी मागची बाजू खाली जाते, हेड अँगल आणखी पडतं, सीटही मागे कलते आणि चढावर पुढचं चाक हलकं होतं. कागदावरचे ६५ अंश मग कागदावरच राहतात. नेहमीचे कपडे, बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर चढवा. भिंतीला हलकासा हात टेकवून सायकलवर चढा. मागच्यासाठी नेहमीसारखे सीटवर बसा, फोर्कसाठी पेडलवर मधोमध उभे राहा. कुणाला तरी रबरी कडी शॉकच्या आणि फोर्कच्या सीलपर्यंत सरकवायला सांगा, मग न हिंदकळता अलगद उतरा. १४० मिलिमीटरच्या फोर्कवर कडी २८ मिलिमीटरच्या आसपास थांबली पाहिजे, म्हणजे २० टक्के. मागे शॉकच्या दांड्याच्या एकूण चालीच्या २७ ते ३० टक्के. दांड्याची चाल ५५ मिलिमीटर असेल तर कडी साधारण १५-१६ मिलिमीटरवर. हे झाल्याशिवाय पुढचं काहीही बदलू नका, नाहीतर कशामुळे काय सुधारलं ते कळणारच नाही.

सॅग लागल्यावर जुनी सायकल बाहेर काढा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा, सीटच्या टोकापासून सोडा आणि बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून तो किती मागे पडतो ते मोजा. सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. सीट आणि ग्रिप यांच्या उंचीतला फरकही घ्या. हेच नव्या सायकलीवर करा. दोन्ही सीट सारख्या नसतील तर टोकाऐवजी सीट जिथे ८ सेंटिमीटर रुंद होते तिथून मोजा. हे तीन आकडे मला पत्रातल्या रीच-स्टॅकपेक्षा जास्त सांगतील, आणि तुम्हालाही.

यानंतरचे उपाय एकमेकांच्या पायात पाय घालतात, म्हणून जरा सावकाश.

सीट मागे सरकवली की हातांवरचा भार कमी होईल आणि बसायला ऐसपैस होईल. दीड सेंटिमीटर मागे घेतली तर सीट अँगल एका अंशाहून थोडं जास्त पडल्यासारखं होतं. पण तेवढंच पुढचं चाक चढावर हलकं होईल. हँडल उंच केलं की मनगटांना आराम, पण वळणावर पुढच्या चाकाची पकड कमी. ज्यात त्यात देवाणघेवाण आहे. अशा वेळी तुमच्या कंसातल्या मिनिटांकडे बघायचं. दीड तास सपाटी आणि त्यापुढे पस्तीस मिनिटं चढ असेल, तर मी सीट ८ मिलिमीटर मागे घेईन आणि उभ्या चढावर टोकावर सरकायची सवय लावेन. ज्यांची फेरी घरातून निघाल्यापासूनच चढाची असते, त्यांनी मात्र सीटला हात लावू नये. सीटचं टोक एक-दोन अंश खाली झुकलेलं चालेल. त्याहून जास्त झुकलं तर तुम्ही पुढे घसराल आणि हात पुन्हा भरून येतील. सीट मागे घेतल्यावर पायाला ती थोडी लांब पडते, म्हणून उंची दोन-तीन मिलिमीटर उतरवून बघा.

हँडल वर घ्यायचं तर स्पेसरनं की जास्त उंचीच्या रायझर हँडलनं? ६५ अंशांच्या हेड ट्यूबवर १० मिलिमीटरचा स्पेसर स्टेमखाली घातला की हँडल ९ मिलिमीटर वर जातं आणि ४ मिलिमीटर मागेही येतं. तुम्हाला आधीच आखूड वाटतंय, तेव्हा तुमच्यासाठी रायझर बरा. पण आधी पदरचे पैसे न घालवता स्टेमच्या वर स्पेसर पडून असतील तर ते खाली घालून दोन फेऱ्या मारा. उंचीनं मुंग्यांना फरक पडतो का एवढं कळलं की पुरे. स्टेम सैल करताना आधी बाजूचे बोल्ट, मग वरच्या टोपीचा, आणि परत लावताना उलट क्रम: टोपीनं हेडसेटची (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगची) खिळखिळ काढायची, नंतर बाजूचे बोल्ट टॉर्क पानानं आवळायचे. ब्रेक लीव्हरचा कोनही तपासा. लीव्हर फार खाली वळलेले असतील तर मनगट मोडतं आणि तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूवर दाब येतो. पुष्कळदा तेवढ्यानंच अर्धं काम होतं. फेरी संपल्यावर काही तासांनीही बोटं बधिर राहत असतील किंवा करंगळीत जोर वाटत नसेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

आता ८० मिलिमीटरचा स्टेम. तुमचा दुसरा मित्र जुन्या सायकलीच्या हिशेबानं बोलतोय. तेवढ्या स्टेमनं बसायला जागा होईल हे खरं. पण हात चार सेंटिमीटर पुढे जातील, उभं राहिल्यावर तुम्ही ताणले जाल आणि उतारावर वजन पुढच्या चाकाकडे झुकेल. म्हणजे या सायकलीत जे उत्तम आहे तेच घालवून बसाल. शिवाय मुंग्या भारामुळे येतात, पुढे ताणल्यानं त्या जातील याची खात्री नाही. सीट मागे घेऊनही आखूड वाटलं तर ५० मिलिमीटरचा लावून बघा. त्यापुढे मी जाणार नाही.

सपाट वळणाची धास्ती ही मला सगळ्यात रंजक वाटली, कारण तिच्यात सायकल आणि सवय दोघींचा हात आहे. तुम्ही पेडलवर उभे आहात आणि हातांवर काहीच भार नाही असं धरलं, तर तुमच्या जुन्या सायकलीच्या मापाच्या फ्रेमवर वजनाच्या शंभरातले साधारण ३९ भाग पुढच्या चाकावर पडतात, नव्यावर ३५-३६. पुढचं चाक बॉटम ब्रॅकेटपासून दूर गेलं आणि चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची नळी) मात्र ४३५ मिलिमीटरच राहिला, म्हणून. काही कंपन्या मोठ्या साइजना चेनस्टेही वाढवतात. सर्व साइजना तोच चेनस्टे असला की ही उणीव लार्जमध्ये जास्त जाणवते. मी वर 'वळणांसाठी मिडियम' म्हटलं ते याकरता.

पण यापेक्षा मोठा भाग सवयीचा आहे. आपल्याला शिकवलं होतं, 'घाबरलास की मागे सरक.' उभं हेड अँगल, लांब स्टेम आणि उंच सीट असलेल्या सायकलीवर तो सल्ला दात वाचवणारा होता. नव्या सायकलीवर वळणात मागे सरकलात तर आधीच हलकं असलेलं चाक आणखी हलकं होतं आणि निसटतं. सीट पूर्ण खाली घ्या. कोपरं बाहेर, छाती हँडलकडे, पाय जड, आणि तळहातात थोडासा, जाणवेल इतपत भार. बाहेरचं पेडल खाली. शरीरापेक्षा सायकल जास्त झुकवा. रिकाम्या मातीच्या मैदानावर दोन बाटल्या ठेवून आठाचा आकडा काढत राहा. आठवडाभरात फरक कळला नाही तर मी चकित होईन. पुढच्या टायरमध्ये हवा ठासून भरलेली असेल तर तीही थोडी कमी करा.

आता साइज खरोखर चुकली आहे हे कधी मानायचं? सॅग लागला, सीट-हँडल बसलं, आठाचा सरावही झाला, तरी सीट खाली घेऊन पेडलवर उभे राहिल्यावर कोपरं वाकत नसतील, सायकल पायांमध्ये डावी-उजवीकडे झुकवायला हात पुरत नसतील, तर ती तुम्हाला मोठी आहे. १७३ सेंटिमीटरला ४७० चा रीच लांबीच्या बाजूला आहे, पण आवाक्याबाहेर नाही. तेव्हा आधी ३५ मिलिमीटरचा स्टेम, आणि मगच विक्रीचा विचार. विकायची वेळ आलीच तर हीच सायकल मिडियममध्ये शोधू नका. तुमच्या फेऱ्यांना ६७-६८ अंशांचं हेड अँगल, ७५ च्या आसपासची सीट आणि १२० मिलिमीटर सस्पेन्शन असलेली हलकी सायकल जास्त मानवेल. उतार वीस मिनिटांचा, तो थोडा कमी मजेचा होईल. ती मजा सोडायची का, हे तुम्हीच ठरवा.

जुन्या सायकलीकडे जायचं असेल तर खुशाल जा, पण सपाट रस्त्यासाठी. त्याच उतारावर ती नेलीत तर आता नेऊ नकोशी वाटेल.

राहिलं हँडल. तुमचं ८०० मिलिमीटरचं आहे. इतकं रुंद हँडल धड पुढे-खाली ओढतं, आणि तुमच्या हातांवरचा थोडा भार त्याचाही आहे. पण करवत लगेच काढू नका. आधी ग्रिप, ब्रेक आणि ड्रॉपरचा लीव्हर दोन्हीकडून दहा-दहा मिलिमीटर आत सरकवा. टोकं उघडी राहतील, त्यात प्लग बसवा, आणि अरुंद वाटेवर ती टोकं झाडाला अडकणार नाहीत एवढं बघून चार फेऱ्या चालवा. आवडलं तर मग कापा.